आजी आहे ना!

(सोलापुरातल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या वाचन शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

'वाढत्या वयाची पुस्तकं' या विषयावर बोलायचं असं मला सांगितलं गेलं. या विषयात पुस्तकं पुष्कळ आहेत. मी त्यातली आईबापांच्या माघारी आजीच्या आधाराने वाढणाऱ्या मुलांची पुस्तकं निवडली. कारण आपल्या कामात एक वाक्य सतत कानावर येतं. आई गेली, बाप परागंदा झाला, मग मुलांचं काय? लगेच उत्तर येतं, 'आजी आहे ना!' हे तीन शब्द ऐकले की नातेवाईक मोकळे होतात, शाळा मोकळी होते आणि आपल्या फायलीतली केसही बंद होते. त्या आजीला कुणी विचारलेलं नसतं. मुलांनाही विचारलेलं नसतं.

पहिलं पुस्तक आपल्याच जिल्ह्यातलं आहे. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी'. १९८४ साली ते आलं. लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, जन्म १९५६ चा. ही कादंबरी नाही, आत्मकथन आहे. पण एक मुलगा कसा घडला, हे समजून घ्यायला मला याच्याइतकं जवळचं दुसरं पुस्तक माहीत नाही. बारा मासे म्हणजे एक तोळा. ज्याचं वजन अकरा मासेच भरलं, ज्याच्या जन्माला लग्नाचा शिक्का नाही, तो अक्करमाशी. आई मसामाय, महार समाजातली. बाप गावचा पाटील, आणि तो नाव द्यायला तयार नाही. मसामायच्या पोटी पुढे आणखी भावंडं येत राहतात. या सगळ्या पसाऱ्याला टेकू देऊन उभी असते ती संतामाय, आईची आई. तिच्यासोबत दादा, म्हणजे महमूद दस्तगीर जमादार. जातीने मुसलमान, कामाने हमाल. रक्ताचं काही नातं नसताना हा माणूस शरणचा आजोबा होतो.

या पुस्तकावर चर्चा होते ती बहुतेक जातीची आणि बापाच्या नावाची. ती व्हायलाच हवी. पण आपण बायकांनी ते संतामायच्या बाजूनेही वाचायला हवं. तिच्या भाकरीचा प्रसंग ज्यांनी वाचलाय त्या विसरणार नाहीत. सुगीच्या दिवसांत जनावरं कणसं खातात आणि न पचलेले दाणे शेणातून बाहेर पडतात. संतामाय ते शेण गोळा करते, दाणे धुते, वाळवते, दळते आणि त्या पिठाची भाकरी करते. ही भाकरी ती स्वतः खाते. लेकरांच्या वाट्याला चांगल्या पिठाची भाकरी. नातू हट्टाने तिच्या भाकरीचा घास मागतो आणि त्याला तो गिळवत नाही.

हा प्रसंग 'आजीची माया' म्हणून सांगितला जातो. माया आहेच, पण त्यात हिशोबही आहे. घरात पीठ किती, तोंडं किती, कुणाला काय वाढायचं आणि कमी पडलं तर ते कुणी सोसायचं, हा हिशोब. तो करणारी बाई स्वतःला शेवटी धरते. आजही धरते. आपण आरोग्य तपासणीचं शिबिर घेतो तेव्हा नातवंडांचं वजन करतो. आजीचं वजन किती जणी करतात? तिचं हिमोग्लोबिन किती जणी तपासतात? तिच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि ती दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळते, हे आपल्या नोंदीत कुठे येतं?

'अक्करमाशी'तली दुसरी गोष्ट कागदाची. शाळेत बापाचं नाव काय लावायचं? पुढे अर्जावर जात कोणती लिहायची? जन्मापासून ज्यांनी सांभाळलं त्यांचं नाव कुठल्याच रकान्यात बसत नाही. ज्याने कधी घास दिला नाही, त्याच्या नावावाचून अर्ज पुरा होत नाही. संतामाय आणि दादा मूल वाढवू शकतात, पण त्या मुलाचे पालक म्हणून सही करायला समाजाच्या लेखी ते कुणीच नाहीत. हा रकाना अजून पूर्ण पुसला गेलेला नाही. त्याकडे मी शेवटी येणार आहे.

एक नोंद इथेच करते. हे पुस्तक नातवाने लिहिलंय, आणि प्रामाणिकपणे लिहिलंय. पण संतामायचं स्वतःचं म्हणणं आपल्याकडे नाही. लेकीच्या वाट्याला काय आलं हे पाहताना तिला काय वाटलं असेल? दादाबरोबर राहायचा निर्णय तिने कसा घेतला असेल? तो निर्णय गावाने सहज पचवला नसणार. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' याच काळातलं. त्यांचं लहानपण वीरगावला आईच्या माहेरी, आजी-आजोबांकडे गेलं. त्यांनी लिहिताना घराघरातल्या बायकांचं जगणं पुढे ठेवलं, म्हणून त्या काळच्या म्हाताऱ्या बायका आपल्याला दिसतात तरी. संतामायसारख्या कितीतरी जणी न लिहिताच गेल्या.

आता सीमेपलीकडे जाऊ. प्रकाश नारायण संत यांचा लंपन तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी वाचला असेल. 'वनवास' १९९४ मध्ये आलं, 'शारदा संगीत' १९९७ मध्ये, नंतर 'पंखा' आणि 'झुंबर'. संत हे इंदिरा संतांचे चिरंजीव. आजोळी ते दत्तक गेले, म्हणून त्यांचं कागदावरचं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. लंपनच्या गोष्टींमागे बेळगावातलं ते बालपण आहे. आई, वडील, धाकट्या बहिणी दुसरीकडे, आणि लंपन आजी-आजोबांच्या घरी. भाषा बेळगावची, कानडीच्या वळणाची, आणि त्यातलं ते 'मॅडसारखं' तर आता सगळ्या महाराष्ट्राचं झालंय.

संतामायचं घर आणि लंपनचं घर यांची तुलना करायची नाही. एका घरात भूक आहे, दुसऱ्यात भरलेलं ताट आहे. पण मला हे पुस्तक आपल्यासाठी महत्त्वाचं वाटतं ते याचसाठी. लंपनला काहीच कमी नाही. आजी प्रेमळ आहे, शाळा आहे, मित्र आहेत, सुमी आहे. तरीही पहिल्या पुस्तकाचं नाव 'वनवास' आहे! मूल आजीकडे चांगलं रुळलं, खेळतंय, जेवतंय, एवढ्यावर आपण अहवालात 'समायोजन समाधानकारक' असं लिहितो. लंपन सांगतो की रुळलेल्या मुलाच्या पोटातही आईची आठवण घट्ट बसलेली असते. ती तो बोलून दाखवत नाही, कारण बोललं तर आजीला वाईट वाटेल. आजीला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहणारी मुलं मी किती पाहिली आहेत! ऊसतोडीच्या हंगामात, दिवाळीच्या आसपास, मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कारखान्याकडे निघते. शाळेतली मुलं आजीकडे राहतात. चार-पाच महिने फोनवर आईचा आवाज. 'बरं आहे का?' 'बरं आहे.' एवढंच बोलणं. त्या 'बरं आहे'च्या मागे काय आहे, हे विचारायला कुणीतरी हवं.

तिसरं पुस्तक अमेरिकेतलं. आता हे आपल्याला कशाला, असं वाटेल. पण भावंडांचा प्रश्न ज्या स्पष्टपणे त्यात आलाय तसा मला आपल्याकडे सापडला नाही. सिंथिया व्हॉइट या लेखिकेची 'डायसीज साँग' ही कादंबरी १९८२ साली आली आणि १९८३ साली तिला मुलांच्या पुस्तकांसाठीचा न्यूबेरी हा तिथला मोठा सन्मान मिळाला. तिच्या आधीचा भाग 'होमकमिंग', १९८१ चा. गोष्ट थोडक्यात सांगते. चार भावंडं. थोरली डायसी तेरा वर्षांची, मग जेम्स, मेबेथ आणि धाकटा सॅमी. बाप कधीच सोडून गेलेला. आईचं मन थकत थकत शेवटी तुटतं. एका बाजाराच्या आवारात ती मुलांना गाडीत बसवून निघून जाते, आणि नंतर कळतं की ती मनोरुग्णालयात आहे. डायसी तिघांना घेऊन मजल दरमजल करत, कधीही न पाहिलेल्या आजीच्या दारात पोचते. 'होमकमिंग' इथे संपतं. 'डायसीज साँग' सुरू होतं ते दार उघडल्यानंतर, घरात बस्तान बसवण्यापासून.

ही आजी गोड नाही. फटकळ आहे, गावाने विक्षिप्त ठरवलेली आहे. नवरा कडक होता, ती त्याच्यापुढे गप्प राहिली, आणि तिची तिन्ही मुलं एकेक करून घराबाहेर गेली. एक तर व्हिएतनामच्या युद्धात मेला. म्हणजे गप्प राहण्याची किंमत तिने मोजलेली आहे. आता उतारवयात चार मुलं दारात. हातात पैसा नाही. सरकारी मदत घ्यायला तिचा स्वाभिमान आडवा येतो. तरी ती अर्ज करते. आणि ती आणखी एक गोष्ट करते, ती आपण लिहून घ्यावी अशी आहे. ती वकिलाकडे जाऊन मुलांना कायद्याने आपलंसं करून घेते. 'मी आजीच आहे, कागद कशाला' असं ती म्हणत नाही. उद्या कुणी या चौघांना वेगवेगळं करू नये, हे तिला कळतं.

डायसीची सगळ्यात मोठी भीती तीच असते, की आपली ताटातूट होईल. ही भीती खोटी नाही. आपल्याकडेही बालगृहं मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी असतात. बहीण एका संस्थेत, भाऊ दुसऱ्या संस्थेत, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. आई गेलेल्या मुलाचं उरलेलं माणूस म्हणजे त्याची बहीण, तीही जाते. आजीचं घर पत्र्याचं असेल, एका खोलीचं असेल, पण भावंडं तिथे एकत्र राहतात. म्हणून आजीला आधार देणं हा मुलांना संस्थेत घालण्यापेक्षा बहुतेक वेळा बरा मार्ग ठरतो. मात्र त्यासाठी आधार खरोखर द्यावा लागतो.

या कादंबरीचा गाभा आहे थोरल्या बहिणीत. संपूर्ण वाट डायसी आईपण करत आली. आता आजी आहे, पण डायसीला सूत्रं सोडवत नाहीत. मेबेथला वाचता येत नाही, सॅमी शाळेत मारामाऱ्या करतो, सगळी काळजी हिलाच. शाळा सुटली की ती एका दुकानात कामाला जाते आणि त्या पैशातून भावंडांच्या हातावर खाऊला काही ठेवते. आजी हळूहळू तिच्या खांद्यावरचं ओझं काढून घेते, आणि तेरा वर्षांची मुलगी तेरा वर्षांची व्हायला शिकते. मैत्रीण जोडते, एक जुनी होडी दुरुस्त करत बसते. आई जाते तेव्हा आजी आणि डायसी दोघीच तिला आणायला जातात. तिच्या अस्थी घराच्या अंगणातल्या झाडाखाली ठेवतात. घर सोडून गेलेली मुलगी अशी घरी येते.

आता आपल्या वस्तीतली डायसी पाहा. ती आठवी-नववीत आहे. आजीचे डोळे गेल्यामुळे बिड्यांची तोंडं ती बंद करते. पाणी भरते, धाकट्याला शाळेत पोचवते आणि स्वतः उशिरा पोचते म्हणून बोलणी खाते. मग गैरहजेरी वाढते, मग नाव कमी होतं. आणि आजी म्हणते, 'माझ्या डोळ्यांदेखत हिचे हात पिवळे होऊ देत.' इथे आपण आजीवर तुटून पडतो. अठराच्या आत लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि ते थांबवलंच पाहिजे, यात दोन मतं नाहीत. पण आजी काय म्हणते आहे ते नीट ऐका. ती म्हणते आहे, 'मी मेले तर हिला कोण?' या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसेल, तर नुसत्या कायद्याच्या धाकाने लग्न या महिन्याऐवजी पुढच्या महिन्यात, दुसऱ्या गावात लागेल. पुस्तकातल्या आजीने मुलीचं ओझं स्वतःकडे घेतलं, कारण तिला स्वतःला टेकायला काहीतरी होतं. आपल्या आजीला टेकायला काय आहे?

त्याबद्दल आता सरळ कामाचं बोलते. वह्या काढा.

पहिली गोष्ट, पालकत्व. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि त्याच्यानंतर आई. या 'नंतर'चा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितलं. २०१५ साली अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता पालक होता येईल असा निकाल आला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं सरकारी कागदपत्रांवर बंधनकारक झालं. मसामायला हे मिळालं असतं तर? पण मैत्रिणींनो, या सगळ्यात आजी कुठेच नाही. आजी नैसर्गिक पालक नाही. तिला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून पालक म्हणून नेमून घ्यावं लागतं.

हे कुणासाठी सगळ्यात तातडीचं आहे? ज्या आजीची लेक सासरी मेली किंवा मारली गेली, तिच्यासाठी. एकीकडे ती लेकीच्या खटल्याच्या तारखांना जाते, दुसरीकडे लेकीची मुलं सांभाळते. जावई जामिनावर सुटतो आणि 'मी बाप आहे' म्हणून मुलं मागायला येतो. अशा वेळी घाबरून मुलं देऊ नयेत. कायद्यात मुलाचं हित सर्वांत वर धरलेलं आहे, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं म्हणणंही न्यायालय विचारात घेऊ शकतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे आजीला ठाऊक नसतं. आपण सांगायचं आणि पहिल्या दिवशी सोबत जायचं.

दुसरी गोष्ट, पैसा. राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं आणि दर मुलामागे महिन्याची रक्कम १,१०० वरून २,२५० रुपये झाली. अठरा वर्षांपर्यंत ती मिळते. आई-वडील दोघंही नसलेली मुलं तर त्यात येतातच, पण एकच पालक असलेली, पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले किंवा तुरुंगात असलेली, अशीही मुलं येतात. मंजुरी बाल कल्याण समिती देते, त्याआधी गृहचौकशी होते. आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, पालकांचे मृत्यूचे दाखले, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं खातं, एवढी जुळवाजुळव करावी लागते. सगळ्यात जास्त अडतं ते मृत्यूच्या दाखल्यावर आणि बँक खात्यावर. पैसे दर महिन्याला वेळेवर पडतात असंही नाही, म्हणून पाठपुरावा करणारी एक जण गटात ठरवून ठेवा. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी २०२१ साली राज्याने पाच लाखांची ठेव आणि केंद्राने तेविसाव्या वर्षी मिळणारे दहा लाख जाहीर केले. तुमच्या भागात अशी मुलं असतील तर ती आता मोठी होत आली आहेत. त्यांच्या ठेवीचे कागद नेमके कुणाच्या हातात आहेत, हे जाऊन पाहा.

तिसरी गोष्ट, जमीन आणि घर. बाप गेला की चुलता म्हणतो, 'मुलं लहान आहेत, मी बघतो.' वारसाची नोंद लगेच लावून घ्या. सातबाऱ्यावर अज्ञान मुलांची नावं त्यांच्या पालकाच्या नावासह 'अ.पा.क.' अशी लागतात. तिथे पालक म्हणून कुणाचं नाव जातंय, हे डोळ्यांनी पाहा.

चौथी गोष्ट, जिची सरकारी योजना नाही. आपल्या प्रत्येक बचत गटात निदान एक तरी नातवंडं सांभाळणारी आजी आहे. ती बैठकीला येत नाही, कारण साठीनंतर गटात घेत नाहीत किंवा तिला हप्ता झेपत नाही. तिच्यासाठी गटाने वेगळा नियम करावा. आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणीतरी तिच्या नातीला कामातून सोडवून अभ्यासाला बसवावं. महिन्यातून एकदा या आज्यांची आपापसात बैठक घ्यावी. त्यात फक्त त्यांनी बोलावं, आपण लिहून घ्यावं. संतामायचं म्हणणं आपल्याला मिळालं नाही. यांचं मिळू शकतं.

आणि मुलांना पुस्तकं द्या. लंपन वाचून दाखवा, मोठ्या मुलांच्या हातात 'अक्करमाशी' द्या, डायसीची गोष्ट तोंडी सांगा. घर मोडलेल्या मुलाला वाटत असतं की हे आपल्याच वाट्याला आलं. हन्नूरचा एक मुलगा, बेळगावचा एक मुलगा आणि सातासमुद्रापलीकडची एक मुलगी याच वाटेने मोठी झाली, हे त्याला कळू दे.

यापुढे कुणी 'आजी आहे ना!' म्हटलं, तर मान डोलावून पुढे जाऊ नका. तिथेच थांबून विचारा, 'आजी आहे. तिच्यापाशी काय आहे?' आणि उत्तर मिळेपर्यंत त्या घरची फाईल बंद करू नका.